एका हाताचं सूत

माझ्या आईच्या लेखी जुन्नरच्या वेशीबाहेर परमुलूख सुरू व्हायचा. वऱ्हाड तर निजामाचं. कारभारापुरतं ते इंग्रजांकडे आलंय, तिथंही आपल्यासारखीच माणसं राहतात, भाकरीच खातात, असं मी तिला परोपरीनं सांगितलं, पण मी निघालो तेव्हा ती रडायची ती रडलीच. मला राग आला. मला तेव्हा सगळ्याचाच राग यायचा.

मुंबईत मी एका कापसाच्या वखारीत गासड्या उतरवून घेण्याच्या कामावर होतो. तिकडे सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता आणि आमच्या मुंबईत माणसं कापूस या शब्दानं वेडी झाली होती. त्या वखारीतच मला माझा मित्र भेटला. वऱ्हाडातला कुणबी, कापसाबरोबर मुंबईला आला आणि एक साल राहिला. आम्ही माळी. पण एका चटईवर झोपणाऱ्यांनी पंगतीचा विचार किती दिवस करायचा? तो मोठ्यानं हसायचा, मोठ्यानं बोलायचा, आणि दिवसातून एकदा तरी आईचं नाव काढायचा. "माह्या मायच्या हातचं खाशील तं मुंबई इसरशील," हे मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी एका चैत्रात म्हटलं, चल बाबा, एकदाचं खाऊन येऊ.

आगगाडी संपली तिथून बैलगाडीनं अमरावती. तिथं आठवडाभर आम्ही त्याच्या आडत्याकडे पडून होतो. मला घेऊन येतोय असा सांगावा त्यानं तिथूनच घरी धाडला. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. गाड्यांना गाड्या भिडलेल्या, आणि रस्त्यावरच्या कडुलिंबांच्या फांद्यांना गाड्यांतून ओरबाडून निघालेला कापूस लटकलेला. पुढं मित्रानं आपल्या रिकाम्या गाड्यांत मीठ आणि विलायती कापडाचे तागे भरले आणि आम्ही अकोल्याच्या वाटेनं त्याच्या गावाला निघालो.

गाव दुपारच्या टप्प्यात आलं असताना सकाळी एका नाल्याकाठी तो गाडीतून उतरला, बाभळीच्या आड गेला आणि ओकला. परत आला तेव्हा ओठ पांढरे पडले होते, तरी हसत होता.

"रातची भाजी आंबली होती," तो म्हणाला.

मीही तीच भाजी खाल्ली होती. मी तसं म्हटलं. तेवढ्यात मागून त्याच्या गावच्या एका शेजाऱ्याचा छकडा आला. हलकी गाडी, ताजे बैल. मित्रानं मला त्यात बसवलं.

"तू पुढे जाय. मी जरा पडतो, गाड्या आल्या का येतोच मांगून. अन् मायले ओकारीचं सांगू नको. थे घाबरते."

"नाही सांगत."

"शपथ घे."

मी घेतली. इतकी क्षुल्लक गोष्ट, म्हणून चिडूनच घेतली.

गावाच्या वेशीशी आम्हांला अडवलं. पुरुषांची गर्दी होती, आणि पुढं पाटील. साठीचा, अंगानं वाळलेला माणूस, आवाज मात्र खणखणीत. वेशीच्या दोन्ही अंगांनी कमरेएवढ्या उंचीवर सूत ताणलेलं होतं, हळदीनं पिवळं झालेलं. ते घरांच्या मागून, गोठ्यांच्या मागून, सगळ्या गावाला वळसा घालून आलं होतं. मधे वेशीपुरती वाट तेवढी मोकळी होती. नाल्यापलीकडच्या गावात ओकाऱ्या-जुलाबांच्या पटकीनं माणसं पटापट मरत होती, आणि हे लोक मरीमाय आत येऊ नये म्हणून गाव बांधत होते. सुताचे तीन वेढे घालायचे, दिवस बुडायच्या आत शेवटची गाठ मारायची. गाठ बसली की पाटलानं सूत सोडेपर्यंत बाहेरचा आत यायचा नाही. आतल्यानं जायचं तर खुशाल जावं, पण मग तोही बाहेरचाच. दोन वेढे झाले होते. तिसरा चालू होता.

"हा कोन?" पाटलानं छकडेवाल्याला विचारलं.

तो सांगण्याआधीच वेशीला लागून असलेल्या पहिल्याच घराच्या अंगणातून बाईचा आवाज आला.

"माह्या पोराचा दोस्त हाये तो. माह्या घरचा पाव्हना. येऊ द्या त्याले."

पाटलानं मला खालीवर न्याहाळलं. "पोट बरं हाये?"

"मला काहीही झालेलं नाही," मी म्हणालो. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. मी आत गेलो.

अंगणात ती बसली होती आणि समोर चरखा फिरत होता. गोरी, ठेंगणी, कपाळावर गोंदण. उजवा हात चाकावर, डावा कापसाचा पेळू घेऊन मागं जायचा आणि पुन्हा सूत गुंडाळणाऱ्या चातीकडे यायचा. ती उठली नाही.

"उठता येत नाही बापा, राग मानू नको," ती म्हणाली. "सूत पुरं होयेपर्यंत उठलो तं समदं वाया जाते." तिकडे बायकाही जातो, उठतो असंच म्हणतात, हे मला मित्राच्या तोंडून माहीत होतं. "सूनबाई, पाव्हन्याले गूळपानी दे. मंग भाकर वाढ."

त्याची बायको ओट्यावर आली. अगदी कोवळी पोर होती, कडेवर तान्हं. माझ्या मागं रस्त्याकडे बघत होती.

आता या सुताची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाव बांधायचं सूत त्याच सालच्या कापसाचं लागतं, गावातल्याच लेकुरवाळ्या बाईनं कातलेलं लागतं, आणि सगळंच्या सगळं एका हाताचं लागतं. दुसरीचा हात लागला की ते सूत फुकट. पूर्वी ही काही अडचण नव्हती, घरोघर चरखे होते. पण कापसाला भाव आल्यापासून बोंड न् बोंड अमरावतीला जात होतं आणि अंगावर विलायती लुगडी येत होती. चरखे कोणी मोडून चुलीत घातले, कोणी पोरांना खेळायला दिले. चहूकडे कापूस पिकवणाऱ्या त्या गावात गाव बांधायला हातभर सूत निघेना! पाटील आदल्या दिवशी दारोदार हिंडला तेव्हा कुठं या घराच्या माळ्यावर एक धड चरखा सापडला. वर्षानुवर्षं हात न लावलेला. हिनं तो खाली काढला, झटकला, तेलपाणी केलं आणि बसली. तेव्हापासून ती बसूनच होती. सुताची कुकडी भरली की पाटलाचा माणूस ती दुधात, हळदीत बुडवून घेऊन जायचा.

मी जेवायला बसलो. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, वर तेलाची धार आणि ठेचा. मुंबईत ज्याच्या इतक्या गोष्टी ऐकल्या तेच जेवण. घास तोंडात फिरत राहिला.

"तो कावून नाही आला तुह्यासंगं?" तिनं चाक न थांबवता विचारलं.

"बैल दमले होते. गाड्या भरलेल्या आहेत."

"तो तं बैलाइच्या पुढं पयते, घर जवळ आलं का."

मी वरणात भाकर कुस्करत राहिलो.

"इकडे पाय," ती म्हणाली.

मी पाहिलं. तिचे डोळे अगदी त्याच्यासारखे होते. मला तिथं बसवेना.

"त्यानं तुले सांगू नको म्हनलं अशीन. लहान होता तवापासून असाच हाये, दुखलं-खुपलं लपोते. ओकला काय?"

शपथ घेतली होती मी. पण ते विचारणं नव्हतंच, तिला कळलं होतं. मी मान खाली घातली.

"किती डाव?"

"माझ्यादेखत एकदा."

चाक एकाच गतीनं फिरत होतं. सून मात्र ओट्यावरून खाली आली आणि सासूच्या शेजारी उकिडवी बसली. आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "आत्याबाई, हळू काता. थे आले का गुपचूप घरात घेऊ. कोनाले कळते? पाव्हने काई सांगत नाहीत. नाही सांगत न भाऊजी?"

मी म्हणालो, "नाही." आणि मनापासून म्हणालो. माझा मित्र उन्हात तापल्या गाडीत पडून येत होता आणि त्याच्या दारात सूत बांधायचं! गाव गेलं खड्ड्यात, असं मला वाटत होतं. मी गावचा नव्हतो, मला वाटायला काय जात होतं?

सासूनं सुनेकडे पाहिलं, मग तिच्या मांडीवरच्या पोराकडे. "हे कोन हाये?" तिनं विचारलं. "अन् शेजारच्या घरात कोन हाये? शेजारनीले तं तीन लेकरं हायेत."

मग तिनं मान वर केली आणि वेशीकडे तोंड करून हाक मारली. "पाटील! माह्या पोराले ओकाऱ्या होऊन राहिल्या. तो येऊन राहिला मांगून. तुमाले ठाव असू द्या."

सगळी गर्दी इकडे वळली. पाटील अंगणाच्या तोंडाशी आला. माणूस वाईट नव्हता. त्याला बोलणं जड जात होतं.

"मंग कसं करता?" तो म्हणाला.

"कसं काय? सूत होऊन राहिलं न."

त्यानंतर जी घटका गेली ती मला नीट सांगता येणार नाही. बायका-पुरुष कुडाला लागून उभे राहिले आणि सगळ्यांची नजर तिच्या डाव्या हातावर. तिनं जरा हात रेंगाळवला असता तर मुलगा आत आला असता. हे तिलाही ठाऊक होतं, त्यांनाही. एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "हात कावून हळू चालून राहिला हिचा?"

"तू बस मग!" मी तिच्यावर खेकसलो. "ये, बस, कात!" पाहुण्यानं असं बोलायचं नसतं. पण मला राहवलं नाही, आणि आजही त्याचं वाईट वाटत नाही. ती बाई मागं सरली. हात हळू चालत नव्हता. मी बघत होतो ना, उलट आता जास्तच भराभर चालत होता.

मी वेशीपाशी गेलो. दूर नाल्याच्या चढावर धूळ उठलेली दिसली आणि धुळीत पांढऱ्या बैलांची शिंगं. गाड्या आल्या होत्या. मी धावत अंगणात परतलो आणि तिच्या कानाशी वाकलो. "नाल्यावर आल्यात गाड्या. थोडंसंच, मावशी. थोडंसं थांबा. तो आत आला की मी त्याला घेऊन कोपऱ्यातल्या खोलीत बसतो, कोणाला शिवू देणार नाही."

त्याच क्षणी सूत तुटलं.

गर्दीतून हूं असा आवाज आला. सुनेनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, तुटलं ते बरं झालं, आता ते शोधेल, जोडेल, तेवढ्यात गाड्या येतील. तिनं टोक उचललं, ओठाला लावलं, पेळूवर टेकवून पीळ दिला आणि चाक पुन्हा फिरू लागलं. श्वास घ्यायलाही वेळ लागला नसेल तिला. मला तिचा संताप आला. इतका, की मी तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो.

"झालं," ती थोड्या वेळानं म्हणाली.

पाटलाचा माणूस कुकडीसाठी पुढं आला. तिनं ती दिली नाही. जमिनीवर हात टेकून उठली, गुडघे धरले होते, पहिल्यांदा तर उभं राहताच येईना. मग घरात गेली. बाहेर आली तेव्हा खांद्यावर वाकळ होती, हातात तांब्या आणि पदरात मिठाची गाठ. सुनेच्या कडेवरच्या पोराकडे तिनं पाहिलं, पण जवळ गेली नाही. सुनेला म्हणाली, "दही विरजलं हाये, पाव्हन्याले वाढजो." आणि कुकडी दुधात, हळदीत बुडवून स्वतःच वेशीकडे चालू लागली.

लोकांनी वाट दिली. तिनं तिसऱ्या वेढ्याचं वेशीपर्यंत आलेलं टोक हातात घेतलं, त्याला नवं सूत जोडलं, आणि ते उलगडत वेशीच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला गेली. तिथं थांबली. आता गाठ मारायची, असं सगळ्यांना वाटलं. ती सुताखालून वाकून पलीकडे गेली, उभी राहिली आणि गाठ बाहेरून मारली.

"बाई," पाटील म्हणाला, "आता आत येता येनार नाही."

"ठाव हाये मले," ती म्हणाली. "मीच बांधलं न."

तिनं गाठ ओढून पाहिली. घट्ट होती. मग वळली आणि धुळीच्या दिशेनं चालत गेली, डोईवरचा पदर सावरत, बाजाराला निघाल्यासारखी. मला जे वाटलं ते मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. मी पाठ फिरवून उभा राहिलो होतो त्या बाईकडे, आणि आता ती माझ्याकडे पाठ करून जात होती, आणि मला ओरडून तिला थांब म्हणावंसं वाटत होतं.

वेशीबाहेर हाकेच्या अंतरावर त्यांच्या वावरात खोपी होती, वेचणीच्या दिवसांत राखणीसाठी बांधलेली. तिनं गाड्या तिथंच वळवल्या. मित्राला दोघांनी धरून उतरवलं. गाडीवाले बैल सोडून नाल्याकडे निघून गेले, ते पुन्हा फिरकले नाहीत. आम्ही दोघं सुताच्या अलीकडून बघत होतो. सुनेनं पोराला हातांवर उचलून धरलं होतं, पण तिकडून कोणी पाहिलं नाही.

घरात ती माझ्याशी सासूबद्दल एक शब्द बोलली नाही. दही वाढलं. वाढताना भांडं जरा जोरात आदळलं. मला तो राग समजत होता, कारण थोड्या वेळापूर्वी तो माझाही होता.

सकाळी आम्ही सुताशी गेलो. मनात एकच भीती, खोपीतून कोण बाहेर येतं, आणि काय मागतं. ती बाहेर आली. थकलेली, लुगडं भिजलेलं, पण उभी होती.

"ज्वारीच्या कन्या शिजव," तिनं सुनेला हाक दिली. "पातय. मीठ जादा टाकजो. खायाले मांगून राहिला तो."

सून तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. मीही रडलो असेन. गाडगं सुताजवळ ठेवलं, आम्ही मागं सरलो, मग तिनं येऊन उचललं. जाताना मला म्हणाली, "तू जेवला काय रे?" मी हो म्हणालो. ते मी ऐकलेलं तिचं शेवटचं बोलणं.

दुसऱ्या सकाळी खोपीतून तो बाहेर आला. काठी टेकत, दोनदा थांबत तो सुतापर्यंत पोचला. चेहरा ओळखू येत नव्हता, डोळे खोल गेले होते. त्याच्या बायकोनं गाडगं पुढं ठेवलं. त्यानं ते पाहिलं नाही.

"कुदय दे," तो म्हणाला.

तिला कळलं नाही. मला कळलं. मी घरात गेलो, भिंतीला टेकवलेली कुदळ घेतली आणि परत आलो. ती सुताजवळ ठेवून मागं व्हायचं, असा रिवाज होता. मी सुताखालून वाकलो. मागून पाटील म्हणाला, "पाव्हने, परत येता येनार नाही." मी म्हणालो, "मला जेवायचं होतं तिच्या हातचं. आता आत काय आहे माझं?"

चैत्रातली काळी माती. भेगा पडलेली आणि दगडासारखी. वावराच्या धुऱ्याला, बांधाच्या कडेला, त्याच्या आईसाठी जागा धरली. त्यानं दोन घाव घातले आणि त्याला धाप लागली. त्याची बायको सुताच्या कडेकडेनं जितकं जवळ येता येईल तितकं आली होती, पोराला छातीशी धरून. सगळं ऐकू जात होतं.

"म्या इचारलं मायले, तू बाहीर कशी," तो म्हणाला. "म्हने, तुले पाहाले येशीवर आलो होतो, मांगून बांधलं त्याहीनं." कुदळीवर भार देऊन तो गावाकडे बघत राहिला. पिवळं सूत तिथून दिसत होतं. "आमचा चरखा तं कवाचा माळ्यावर पडला हाये. मंग कोनं कातलं हे? दोन घडी थांबले असते तं माय आपल्या घरात असती. ज्या बाईनं हे सूत कातलं न, तिचे हात झडो. तिच्या पोराले—"

"दे इकडे," मी म्हणालो आणि त्याच्या हातातून कुदळ हिसकावून घेतली.

सुतापलीकडे त्याची बायको उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नको म्हणून. तिचा चेहरा कसा झाला होता ते मी लिहू शकत नाही.

गावात त्या साली पटकीनं कोणी मेलं नाही. सुतामुळं, असं गाव म्हणतं. गावात कोणी मित्राला खरं कधी सांगितलं नाही. तो पुढं पुष्कळ जगला आणि दर चैत्रात मला विचारायचा, तू तं तिथी होता, कोनं कातलं रे? गेल्या पावसाळ्यात तो गेला, म्हणून आज लिहितो आहे.

त्या सकाळी तो धुऱ्यावर बसून शिव्या देत राहिला, आणि मी खणत राहिलो.